ॲरिझोनातील अंगणात बारा महिने मोठे कासव सांभाळताना : बीळ, हिवाळ्याची खोली आणि इतर व्यवस्था

माळरान

फीनिक्सच्या पूर्वेकडील एका उपनगरात आम्ही राहतो आणि आमच्या घरामागच्या अंगणात गेली पाच वर्षे सुल्काटा जातीचे एक नर कासव आहे. त्याचे नाव दगडू. बेवारस कासवांना आसरा देणाऱ्या एका संस्थेकडून आम्ही ते दत्तक घेतले तेव्हा त्याचे वजन २४ किलो होते. आज ते ३८ किलो आहे आणि वाढ अद्याप थांबलेली नाही. ओळखीच्या दोन मराठी कुटुंबांनी नुकतीच असे कासव घेण्याबद्दल चौकशी केली. रखरखीत मुलखातला प्राणी वाळवंटातल्या शहरात आणला की त्याची निराळी सोय करावी लागत नाही, असा दोन्ही घरांचा समज होता. पहिल्या वर्षी माझाही तोच समज होता आणि त्याचा त्रास दगडूला सोसावा लागला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुल्काटा मूळचे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यातले, म्हणजे सेनेगल, माली, नायजर, चाडपासून सुदान आणि इथिओपियापर्यंतच्या प्रदेशातले. गालापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरची महाकाय कासवे वगळली तर जमिनीवर राहणाऱ्या कासवांत हीच जात सर्वांत मोठी. पूर्ण वाढलेला नर ४५ किलोंच्या पुढे सहज जातो, काही ९० किलोंपर्यंतही पोहोचतात आणि आयुष्य सत्तर वर्षांहून अधिक असू शकते. दुकानात ते लिंबाएवढे पिल्लू दिसते, त्यामुळे घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हा आकार येत नाही.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की सुल्काटा शीतनिद्रा घेत नाही. आपल्या सोनोरन वाळवंटातले स्थानिक कासव साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बिळात निपचित पडून राहते आणि ते त्याच्या प्रकृतीला मानवते. सुल्काटाच्या मूळ प्रदेशात तशी थंडीच नसते, त्यामुळे गारठा सोसण्याची योजना त्याच्या शरीरात नाही. आमच्या शेजाऱ्यांकडे स्थानिक कासव होते. ते हिवाळाभर बिळात सुखरूप राहते हे पाहून मी पहिल्या नोव्हेंबरात दगडूलाही त्याच्या बिळातच झोपू दिले. फीनिक्सचा हिवाळा फसवा असतो. दिवसा २० अंशांच्या आसपास सुरेख ऊन पडते, कासव बाहेर येऊन चरते आणि सारे ठीक आहे असे वाटते, पण पहाटे पारा सहा-सात अंशांवर उतरलेला असतो आणि बिळातली माती दर रात्री थोडी अधिक गार होत जाते. डिसेंबरच्या मध्यावर दगडूचे खाणे मंदावले. मग एका सकाळी त्याच्या नाकपुड्यांवर बुडबुडे दिसले आणि श्वास घेताना ते तोंड उघडू लागले. फुप्फुसांना संसर्ग झाला होता. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी प्रतिजैविकाची इंजेक्शने पुढच्या पायात द्यायला शिकवले, कारण मागच्या पायात दिलेले औषध शरीरभर पोहोचण्याआधीच मूत्रपिंडांकडे जाण्याची शक्यता असते. त्यांनी एक गोष्ट ठामपणे सांगितली : अंग ऊबदार नसेल तर कासवाची प्रतिकारशक्ती काम करत नाही आणि औषधाचाही पुरता उपयोग होत नाही. पाच आठवडे दगडू आमच्या कपडे धुण्याच्या खोलीत राहिले. त्या पाच आठवड्यांत मी आणि माझ्या यजमानांनी त्याची हिवाळ्याची खोली बांधली.

ही खोली सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि अडीच फूट उंच आहे. भिंती, तळ आणि छप्पर हे सगळे दुहेरी प्लायवूडचे असून मधल्या पोकळीत दीड इंच जाडीचे उष्णतारोधक फोमचे तक्ते बसवले आहेत. फोम कोठेही उघडा राहता कामा नये, कारण कासव तो कुरतडून खाते आणि आतडे तुंबते. छप्पर बिजागरीवर उघडते. त्यामुळे साफसफाई सोपी होते आणि कासव आजारी असेल तर उचलूनही घेता येते. दाराला जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून टांगल्या आहेत, तशा इथल्या शीतगृहांच्या दारांवर असतात. पट्ट्या ढकलून आत जायला दगडूला चार दिवस लागले. पहिले दोन दिवस मी मधल्या दोन पट्ट्या वर बांधून ठेवल्या होत्या.

उबेसाठी आत तेल भरलेला छोटा विजेचा हीटर आहे. तो एका बाजूला लाकडी गजांच्या मागे बंदिस्त केला आहे, कारण ३८ किलोंचे कासव ज्याला अंग घासते ती वस्तू जागेवर राहत नाही. थर्मोस्टॅटचा संवेदक कासवाच्या पाठीच्या उंचीवर लावला आहे. छताजवळ लावला तर वरची हवा तापून हीटर बंद होतो आणि तळ गारच राहतो. आतले तापमान रात्रभर २६ ते २७ अंश ठेवतो. वायर लोखंडी नळीतून आणली आहे आणि विजेची जोडणी ओलाव्यात आपोआप तुटणाऱ्या सुरक्षित सॉकेटमधून घेतली आहे. उष्णतेचा दिवा मात्र कृपया टांगू नका. मोठ्या कासवाच्या पाठीचा माथा दिव्याच्या फार जवळ येतो आणि कवच भाजते, पोट मात्र थंडच राहते. शिवाय वाळक्या गवतात दिवा पडला तर आग लागण्याची भीती आहे.

ऑक्टोबरअखेरीस रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली जाऊ लागले की मी बिळाचे तोंड फळी आणि सिमेंटचे ठोकळे लावून बंद करते. हे केले नाही तर सवयीने दगडू बिळातच शिरते आणि खोल गेलेल्या एवढ्या जनावराला ओढून काढणे दोन माणसांनाही जमत नाही.

आता उन्हाळा. इथे जून-जुलैत ४३ अंश ही नित्याची गोष्ट आहे आणि २०२३ साली तर सलग ३१ दिवस पारा त्याच्या वर होता. साहेलमधली कासवे अशा वेळी स्वतः खणलेल्या लांब बिळात थांबतात, तेव्हा सावलीचे छप्पर हा बिळाला पर्याय नाही. आमच्या अंगणात दीड फुटाखाली कॅलिची, म्हणजे चुन्याने घट्ट बांधलेला दगडासारखा थर लागला, त्यामुळे दगडूला स्वतः खणता येईना. आम्ही तोडयंत्र, म्हणजे दगड फोडणारे विजेचे यंत्र (जॅकहॅमर) भाड्याने आणून आठ फूट लांब आणि तीन फूट रुंद उतरता चर खणला, दोन्ही बाजूंना सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती रचल्या, वर लोखंडी पट्ट्या आणि जाड प्लायवूड टाकून त्यावर दोन फूट माती ओढली. शेवटी आत वळता येईल एवढी जागा ठेवली. तोंड उत्तरेकडे आहे, त्यामुळे दुपारचे ऊन आत शिरत नाही. बाहेर ४४ अंश असताना आतल्या टोकाला मी ३१ मोजले आहेत. जुलैपासून इथे वळवासारखा धो धो पाऊस येतो आणि कठीण जमिनीत पाणी मुरत नाही. पहिल्या पावसात बिळात घोटाभर पाणी साचले, तेव्हापासून तोंडापुढे शेतात घालतात तसा मातीचा बांध घातला आहे.

कुंपणाबद्दल थोडक्यात. ज्यातून पलीकडचे दिसते ते कुंपण या कासवाला अडथळा वाटत नाही, ते तासन्‌तास ढकलत राहते. इथल्या ठोकळ्यांच्या भिंती उत्तम आहेत, फक्त फाटकाचा खालचा दोन फुटांचा भाग लाकडाने बंद करून घ्यावा. अंगणात कण्हेर असेल तर मुळासकट काढून टाका. फीनिक्समध्ये तिची कुंपणे सर्वत्र आहेत आणि ती विषारी आहे हे आपल्याला गावाकडूनच ठाऊक असते. वाऱ्याने शेजाऱ्यांकडची पाने उडून येतात, तीही रोज वेचावी लागतात. घाणेरीचेही तेच.

तुतीचे_पान

माळरान, धागा फार कामाचा आहे. मी टूसानला असते आणि कासवांच्या एका निवाऱ्यात दर रविवारी स्वयंसेवक म्हणून जाते. आमच्याकडे येणाऱ्या सुल्काटांत थंडीने आजारी पडलेली अनेक असतात, पण चुकीच्या आहाराने बिघडलेलीही कमी नसतात, म्हणून त्याबद्दल लिहिते.

सुल्काटा हे गवत खाणारे जनावर आहे. त्याच्या खाण्यात ८० ते ९० टक्के गवतच हवे. आपल्या दृष्टीने सुखाची गोष्ट अशी की इथल्या हिरवळीत जे बर्म्युडा गवत लावतात, ती आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वाच. कासवाला ती अत्यंत मानवते, मात्र तिच्यावर तणनाशक किंवा रासायनिक खत पडलेले नसावे. थंडीत हरळी वाळून पिवळी पडते, तेव्हा ऑक्टोबरात राय गवताचे बी टाकले की हिवाळाभर हिरवा चारा मिळतो. फड्या निवडुंगाची पाने, तुतीची आणि द्राक्षवेलीची पाने, जास्वंदीची फुले व पाने हे सगळे उत्तम. एकदा तुतीचे झाड लावले की दहा वर्षांच्या सावलीची आणि चाऱ्याची सोय होते. पालक रोज देऊ नये, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा अंगणात टाकून ठेवावा, कासव लागेल तसा कुरतडते.

फळे आणि शिजवलेले अन्न देऊ नये. घरी आलेल्या आजी-आजोबांना हे समजावणे सर्वांत अवघड जाते, कारण दारातल्या मुक्या जिवाला पोळीचा तुकडा द्यायचा हा आपला संस्कार आहे. पिष्टमय आणि गोड पदार्थांनी त्याच्या आतड्यातले गवत पचवणारे जिवाणू बिघडतात आणि जुलाब लागतात. माझ्या सासूबाई आल्या तेव्हा मी त्यांच्याकडे रोज सकाळी जास्वंदीची दहा फुले देण्याचे काम सोपवले. त्यांचाही हात रिकामा राहिला नाही आणि कासवाचेही भले झाले.

पाण्याबद्दलही सांगते. वाळवंटातले कासव पाणी पीत नाही असे लोक धरून चालतात आणि मग मूत्राशयात मुतखड्यासारखे खडे होतात. जमिनीत पुरलेले पसरट, उथळ भांडे रोज भरावे. लघवीबरोबर येणारा पांढरा भाग दह्यासारखा मऊ असेल तर ठीक, वाळूसारखा खरखरीत लागला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. पिल्लांच्या बाबतीत कोरडेपणाचा आणखी एक दुष्परिणाम होतो : कवचाचा प्रत्येक खवला पिरॅमिडसारखा उंच वाढतो. याचे खापर पूर्वी प्रथिनांवर फोडत असत, पण व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००३ साली सुल्काटाच्याच पिल्लांवर केलेल्या अभ्यासात हवेतल्या आर्द्रतेचा प्रभाव त्याहून कितीतरी अधिक आढळला. एकदा आलेले उंचवटे पुन्हा सपाट होत नाहीत, म्हणून पिल्लांना पहिली काही वर्षे दमट, उबदार जागा द्यावी.

कऱ्हाकाठ

आम्ही डॅलसजवळ राहतो. आमच्याकडे २९ किलोंची सुल्काटा मादी आहे आणि रात्रीची खोली जवळपास आपल्यासारखीच आहे, पण फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळाने आम्हाला एक त्रुटी दाखवली. पारा उणे १९ अंशांपर्यंत उतरला आणि वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. दुहेरी भिंतींमुळे खोली पहिले सहा-सात तास तग धरून राहिली, नंतर भराभर गार होऊ लागली. आम्ही तिला जाड सतरंजीवर घेऊन चौघांनी उचलून घरात आणले आणि गॅसच्या शेगडीवर पाणी तापवून बाटल्या भरल्या, त्या टॉवेलांत गुंडाळून तिच्या चहूबाजूंनी लावल्या. बाटल्या अंगाला थेट लावायच्या नाहीत, हे फोनवर डॉक्टरांनी आवर्जून सांगितले. आता आमच्याकडे छोटा जनित्रसंच आहे आणि खोलीतले तापमान फोनवर दाखवणारा तापमापक आहे. तो २१ अंशांच्या खाली गेला की गजर वाजतो. जनित्रसंच नेहमी उघड्यावर, घराच्या खिडक्यांपासून दूर चालवावा, बंद गॅरेजमध्ये कदापि नको.

टेक्सासच्या थंडीत ओल असते हाही फरक आहे. कोरडी थंडी एखादी रात्र निभावून जाईल, पण ओली थंडी या जातीला मुळीच सोसत नाही. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च पावसाच्या दिवशी ती खोलीबाहेर पडतच नाही.

मादीबद्दल एक सूचना. नर जवळ नसला तरी ती अंडी घालते. गेल्या वसंतात तिने खाणे सोडून अंगणभर खड्डे खणायला सुरुवात केली, क्ष-किरण तपासणीत १९ अंडी दिसली. मोकळी, खणण्याजोगी माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. म्हणून एक कोपरा मऊ मातीचा ठेवावा.

माळरान

कऱ्हाकाठ, वीज जाण्याचा विचार मी केलाच नव्हता. इथे हिवाळ्यात वीज क्वचित जाते, पण गजराचा तापमापक आजच मागवते. हीटर नुसता बिघडला आणि सकाळपर्यंत कळले नाही, असेही होऊ शकते.

सह्यकडा

मी पुण्याजवळ राहतो. मुळशीकडे आमची थोडी शेतजमीन आहे. मुलीला कासवाचा फार ओढा आहे. असे मोठे कासव किंवा आपल्याकडचे चांदण्यांच्या नक्षीचे कासव तिथे कायद्याने ठेवता येईल का आणि तिथली हवा त्यांना मानवेल का?

तुतीचे_पान

सह्यकडा, चांदण्यांच्या नक्षीचे, म्हणजे स्टार कासव भारतात घरी पाळणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तीनुसार ते पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारही २०१९ पासून बंद आहे. या कासवांची तस्करी किती मोठी आहे हे आमच्या निवाऱ्यातही जाणवते, कारण भारतातून चोरून आणलेल्या कासवांची संतती इथल्या बाजारात फिरते. कोणी ते विकत देऊ लागला तर वनखात्याला कळवावे. सुल्काटासारख्या परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते.

हवेचे म्हणाल तर मुळशीचा पाऊस हीच अडचण आहे. चार महिने भिजलेली जमीन आणि साचलेला ओलावा यांत साहेलमधले जनावर उघड्यावर राहू शकणार नाही. त्याला चार महिने बंद खोलीत कोंडावे लागेल, आणि ४० किलोंच्या जनावराला ते अन्यायाचे होईल. मुलीला घेऊन पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात वरचेवर जावे, असे मनापासून सुचवते.

ऊनसावली

आम्ही चँडलरला राहतो आणि माळरान यांनी उल्लेख केलेल्या दोन कुटुंबांपैकी एक आम्हीच आहोत. तीन प्रश्न आहेत. अंगणात पोहण्याचा तलाव आहे, त्याचे काय करावे? एकटे कासव कंटाळेल म्हणून दोन घ्यावीत का? आणि माझी नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जावे लागले तर त्याला नेता येईल का?

माळरान

ऊनसावली, तलावाला मुलांसाठी घालतात तसेच पक्के कुंपण हवे, आणि तेही खालपासून भक्कम. सुल्काटाला पोहता येत नाही, ते दगडासारखे तळाशी जाते.

दोन कासवे घेऊ नयेत. हा प्राणी एकटा राहणारा आहे आणि त्याला सोबतीची उणीव भासत नाही. दोन नर एकमेकांना गळ्याखालच्या फाळासारख्या हाडाने उलथवतात, आणि भर उन्हात पाठीवर पडलेले कासव फार वेळ जगत नाही. नर-मादी ठेवली तर नर मादीला खाऊ-पिऊ देत नाही आणि दर वर्षी डझनावारी अंडी होतात. फीनिक्सच्या निवाऱ्यांत आधीच नको झालेल्या सुल्काटांची रीघ लागलेली असते, तेव्हा आणखी पिल्ले जन्माला घालणे मला योग्य वाटत नाही.

दुसऱ्या राज्यात नेण्याबाबत अमेरिकेच्या कृषी खात्याचा २००० सालापासून नियम आहे. या जातीच्या अंगावर आफ्रिकेतली एक गोचीड येऊ शकते आणि ती गुराढोरांत हार्टवॉटर नावाचा रोग पसरवते. म्हणून मान्यताप्राप्त पशुवैद्याकडून कासव गोचीडमुक्त असल्याचा दाखला घेतल्याशिवाय राज्याची सीमा ओलांडता येत नाही. दाखला मिळणे अवघड नाही. अवघड आहे ते दुसरेच : मिनेसोटासारख्या कडक थंडीच्या राज्यात बदली झाली तर वर्षातले सात महिने हे कासव ठेवायचे कोठे? आम्ही ठरवले आहे की कासव असेपर्यंत ॲरिझोना सोडायचे नाही. मी ४४ वर्षांची आहे आणि दगडू सुमारे १७ वर्षांचे. ते माझ्यामागे राहणार, म्हणून आम्ही मृत्युपत्रात त्याचा सांभाळ कोणी करायचा हे लिहून त्यासाठी रक्कमही बाजूला ठेवली आहे. ज्यांचे नाव लिहिले त्या भाचीला आधी विचारले आणि तिने दोन आठवडे त्याची सगळी कामे करून मगच होकार दिला.

ऊनसावली

सविस्तर उत्तराबद्दल आभार. आम्ही दोघांनी हा धागा दोनदा वाचला आणि अंगण मोजले. तलाव वगळला तर आमच्याकडे कासवाला फिरायला जेमतेम २५ फूट लांबीची पट्टी उरते, आणि नोकरीचीही शाश्वती नाही. आम्ही सुल्काटा घेणार नाही. मुलांना मात्र कासव हवेच आहे, तर राज्याच्या वन्यजीव विभागामार्फत दत्तक मिळणारे सोनोरन कासव आम्हाला झेपेल का?

माळरान

उत्तम विचार आहे. ते फूट-सव्वा फुटाच्या पुढे फारसे वाढत नाही, इथल्याच हवेचे आहे आणि हिवाळ्यात त्याला हीटर लागत नाही. अटी अशा : घरातल्या माणशी एकच कासव ठेवता येते, त्याची पैदास करता येत नाही, आणि ते राज्याबाहेर नेता येत नाही. म्हणजे बदली झाली तर ते पुन्हा विभागाच्या दत्तक केंद्राकडे सोपवावे लागेल, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. ते कासव कधीही वाळवंटात सोडू नका, कारण पाळीव कासवांतला श्वसनाचा रोग रानातल्या कासवांना होतो.

दत्तक देण्यापूर्वी विभागाचे लोक अंगणातले बीळ पाहतात. तुमच्यासाठी चार फूट लांबी आणि दीड फूट रुंदी पुरेल, छपरावर किमान एक फूट माती मात्र हवीच. तुमच्याकडेही दीड-दोन फुटांवर कॅलिची लागेल. कुदळीने ते होणार नाही. माझे यजमान येत्या शनिवारी मोकळे आहेत. तोडयंत्र सकाळी सहाला घेतले तर ऊन चढण्याच्या आत चर खणून होईल. सिमेंटचे ठोकळे आमच्याकडे १६ शिल्लक आहेत, ते घेऊन येतो.